पुस्तिकेतली उंची

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी डेल्विन पेटवे जिमच्या तळघरातल्या ऑफिसात वाकून शिरला आणि म्हणाला, "मिस्टर हॉफर, एक पत्र टाइप करून देता?"

कोणतं पत्र, हे वेंडल हॉफरला विचारावं लागलं नाही. दोन आठवडे गावात दुसरा विषयच नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे एकच: डेल्विन जाणार की राहणार? कॉलेजची तीन वर्षं झाली होती, एक उरलं होतं. जूनमधल्या ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीला उभं राहायचं तर उरलेल्या वर्षावर पाणी सोडल्याचं पत्र लीगला धाडायचं. पत्र एकदा पोचलं की कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं दार बंद. मग कोणी निवडो, न निवडो.

"बस ना," वेंडल म्हणाला. "आई आलीय का तुझी?"

"गाडी लावतेय. काल रात्रीच आली गॅरीहून. तुमच्यासाठी रताळ्याची पाई आणलीय, पण ती मी आणलीय असं सांगायचं ठरलंय."

वेंडल हसला आणि मशीनवर कागद चढवू लागला. काल कोच ब्रॅनिगन दारात उभे राहून म्हणाले होते, "टाइपरायटर बिघडलाय म्हण, वेंडल. मंगळवारपर्यंत पत्र पोचायला हवं. मंगळवार उलटला की पोरगं आणखी एक वर्ष आपलं."

वेंडलला खोटं बोलता येत नव्हतं. निदान तोंडाने तरी येत नव्हतं. कागदावरचं निराळं.

एकतीस वर्षं तो संघाची माहितीपुस्तिका काढत होता. नाव, गाव, उंची, वजन, कोणी किती बास्केट केल्या. माणसांशी बोलताना त्याची जीभ अडखळे, आकड्यांशी कधी नाही. सामन्यांना तो टेबलामागे पेन्सिल घेऊन बसे आणि डेल्विनने चेंडू हवेतच झेलला की कोणाचं लक्ष नाही ना बघून हळूच टाळी वाजवे.

"लिही ना," डेल्विन म्हणाला. मग लगेच, "सॉरी. लिहा ना."

"डेल्विन, तुला एवढी घाई का आहे?"

"रस्टीचा गुडघा पाहिलात ना तुम्ही?"

रस्टी कोल्ब त्याचा खोलीतला सोबती. फेब्रुवारीत एका साध्या उडीनंतर खाली येताना त्याचा गुडघा फिरला तो फिरलाच. आता तो काठी घेऊन वर्गात जात होता.

"तो आवाज अजून ऐकू येतो मला," डेल्विन म्हणाला. "माझे गुडघे आज धड आहेत, मिस्टर हॉफर. उद्याचं कोणी सांगावं? आणि मिलवॉकी संघाचा तो माणूस फोनवर काय म्हणाला माहितेय? सहा फूट नऊ इंच आणि असे लांब हात, म्हणजे पहिल्या फेरीत नक्की. पहिल्या फेरीतल्याला तीन वर्षांचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला नुसतं 'ये, बघू'."

वेंडलने मशीनवरून हात काढून घेतले.

"तू सहा फूट नऊ नाहीस," तो म्हणाला.

डेल्विन हसला. "म्हणजे?"

"तू पहिल्या वर्षी आलास ना, तेव्हा शाळेच्या कागदावर सहा फूट सात लिहिलं होतं. कोच म्हणाले, नऊ छाप. मी छापलं. सगळीकडे हेच चालतं रे. बूट धरायचे, केस धरायचे, वर आणखी थोडं. कोच म्हणाले, पुस्तिकेतली उंची ही उंची नसते वेंडल, ती समोरच्या संघाला घालायची भीती असते. दुसऱ्या वर्षी मी पहिल्या वर्षाचं बघून छापलं. तिसऱ्या वर्षीही तेच."

"पण दवाखान्यात दर वर्षी..."

"दवाखान्यातल्या वजनकाट्याला उंची मोजायची दांडी आहे, ती सहा फूट सहाला संपते. तू त्याच्या वर गेलास की नर्स माझी पुस्तिका उघडून आकडा लिहून घेते."

वेंडलला वाटलं, आपण हे फार वाईट सांगितलं. आधी काही बोलायला हवं होतं, निदान पाणी तरी द्यायला हवं होतं.

"कोचने हे सांगायला लावलं तुम्हाला," डेल्विन सावकाश म्हणाला.

"नाही."

"मी जाऊ नये म्हणून. तीन वर्षं नऊ, आणि आज, याच सकाळी सात! वा! कोणाला तरी बरोबर वेळेवर आठवलं!"

मुलाचं अगदीच चूक नव्हतं. हा राहिला तर वेंडललाही हवंच होतं. पुढच्या हिवाळ्यात त्या टेबलामागे बसून दुसऱ्या कोणाला बघायचं? मग आपण खरं बोललो ते कोणासाठी?

"जूनमध्ये शिकागोला सगळे संघ मुलांना बोलावतात," तो शेवटी म्हणाला. "तिथे बूट काढायला लावून मोजतात. तोवर पत्र गेलेलं असेल. मला ते... तिथे तुला ते कळू नये असं वाटलं."

तेवढ्यात अर्लीन पेटवे आत आली. उंच, रुंद खांद्यांची बाई, एका हातात फॉइलने झाकलेलं ताट. गॅरीत ती शाळेची बस चालवायची आणि चाळीस पोरं आरशातून नुसत्या नजरेने गप्प करायची. तिने एकदा मुलाकडे बघितलं, एकदा वेंडलकडे.

"कोण मेलं?"

"ममा, हे म्हणतात मी सहा-सातच आहे."

"मग?" तिने ताट फायलींवर ठेवलं. "तुझ्या पँटी कोण शिवतं? दुकानात मिळतात का तुझ्या मापाच्या? अठराव्या वर्षापासून पायाची एक शिवण खाली सोडली नाही मी."

"मग बोलली का नाहीस!"

"मला वाटलं कॉलेजची मोजायची पद्धत वेगळी असेल. एवढी शिकलेली माणसं. म्हटलं, असेल बाई." ती वेंडलकडे वळली. "ही पद्धत तुमची का, मिस्टर हॉफर?"

"हो बाई," वेंडल म्हणाला. "माझीच."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. बसच्या आरशातली नजर असावी ती. मग मुलाला म्हणाली, "बूट काढ."

डेल्विन मोजे घालून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "मोजेसुद्धा," ती म्हणाली. वेंडल स्टुलावर चढला, त्याच्या डोक्यावर शब्दकोश आडवा धरला आणि पेन्सिलीने रेघ मारली. मग पोलादी टेप लावली. दोनदा लावली. आपल्या हाताचा भरवसा वाटेना म्हणून तिसऱ्यांदा अर्लीनला लावायला सांगितली.

सहा फूट पावणेसात इंच.

डेल्विन रेघेकडे बघत अनवाणी उभा होता. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता खाली जमिनीवरच बसला. "आख्ख्या गावाला मी वरून बघत होतो," तो म्हणाला. "सव्वादोन इंच फुकटचे."

"राहा एक वर्ष," वेंडल म्हणाला. न राहवून म्हणाला. "लांबून बास्केट करायला शीक. सहा-सातच्या खेळाडूला ते यावंच लागतं. मग जा."

"आणि गुडघा?"

वेंडलने टेप गुंडाळली.

"आणि डिग्री?" अर्लीन म्हणाली, पण ती हे वेंडलसाठीच म्हणाली असावी, मुलाकडे तिने पाहिलंही नाही. खुर्चीत बसून तिने त्याचा एक बूट उचलला आणि नाडीची गाठ सोडवत बसली. "मी काही सांगणार नाही. चूक झाली तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडशील. तुझं तू बघ. पण काय ते खऱ्या मापाने बघ."

वर मैदानावर कोणीतरी एकटाच चेंडू टपटपवत होता.

"लिहा," डेल्विन म्हणाला.

"जाणार?"

"जाणार. दुसऱ्या फेरीत घेतलं तर दुसऱ्या फेरीत. नाहीच घेतलं तर युरोपात खेळेन, नाहीतर ममाची बस धुवेन. पण शिकागोत कोणी मला बूट काढायला लावून हसलेलं मला चालणार नाही. तुम्ही सगळ्या संघांना आधीच कळवा. खरी उंची. आजच."

"तेवीस संघ आहेत," वेंडल म्हणाला.

"तुमचं टायपिंग चांगलंय."

लीगचं पत्र तीन ओळींचं होतं. 'उरलेल्या वर्षाचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' डेल्विनने सही केली आणि सही करताना जीभ दातांत धरली, शाळकरी मुलासारखी. मग मायलेक पोस्टात गेले. शनिवारी ते बाराला बंद होत असे.

वेंडल चौथं पाकीट टाइप करत होता तेव्हा कोच आले. टेबलावरचं पत्र त्यांनी उचललं, वाचलं.

"हे काय?"

"दुरुस्ती."

"म्हणजे पोराला सांगितलंस." कोचचा चेहरा उजळला. "मग राहतोय?"

"नाही. पत्र टाकायला गेलाय."

कोच अर्लीनच्या खुर्चीत बसले. "नऊ छाप म्हणून मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "पत्रात तू स्वतःची चूक म्हणून लिहिलंयस."

"छापली मीच."

"मूर्ख आहेस." त्यांनी खिशातून पेन काढलं. "सरक, खाली माझीही सही होऊ दे. आणि हातांची लांबी का नाही टाकलीस? उंचीची कसर तिथेच भरून निघते. कधी मोजलेस का पोराचे हात?"

कोणीच कधी मोजले नव्हते. वेंडलने टेप उचलली आणि टोपीसुद्धा न घेता पोस्टाच्या दिशेने निघाला. बाराला सात मिनिटं होती.