पडद्याची कड

वॉर्डात तिला सगळ्या 'स्पिरिटवाली' म्हणायच्या. मागून म्हणायच्या, पण तिच्या कानावर आलंच होतं. खाटेचा कठडा, सलाइनचा स्टँड, दिव्याचं बटण, खुर्चीचे हात, नजरेस पडेल ते ती स्पिरिटने पुसून काढायची. चौदा महिन्यांच्या लेकीच्या लघवीत निघालेले जंतू तीन औषधांना दाद देत नव्हते. चौथं शिरेतून चाललं होतं. वेगळी खोली रिकामी नव्हती. सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डायपर बदललंत की आधी हात धुवायचे. साबणाने. बाकी सगळं नंतर." आणि या पाच दिवसांत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर दोन वर्षांचा मुलगा होता. त्याची आई त्याला लाटसाहेब म्हणायची. लाटसाहेबांच्या हृदयाला भोक होतं आणि चार महिने थांबून मिळालेली ऑपरेशनची तारीख उद्याची होती. दोन खाटांमध्ये निळा पडदा. त्याची कड तोंडावर ओढायची, "भो!" करायचं आणि खिदळत तीच कड चघळत बसायचं, हा लाटसाहेबांचा दिवसभराचा उद्योग.

"अगं स्पिरिटवाले," त्याची आई आज चक्क तोंडावर म्हणाली, "आमच्या साहेबांवरही एक हात फिरव की. उद्यासाठी लख्ख होऊन जाऊ देत!"

दोघीही पोट धरून हसल्या.

दुपारी तिने लेकीचं डायपर बदललं, गुंडाळून पिशवीत टाकलं, पडदा सारला आणि बेसिनकडे निघाली. दोन पावलं गेली आणि थबकली. मागे वळून पाहिलं. पडद्याची कड अजून हलत होती.

बेसिन पडद्यापलीकडे होतं. म्हणजे दर वेळी आधी पडदा, मग साबण. दिवसातून आठ वेळा तरी. पाच दिवस.

ती हात धुवत राहिली. धुऊन झाले तरी पाणी वाहतच होतं. आपण बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? बोललो तर तारीख गेली. तारीख मिळाली तेव्हा किती जणांना फोन केले, हे त्या बाईने हसत हसत तिलाच सांगितलं होतं. पण उद्या त्या वीतभर छातीवर चीर पडणार. तीन औषधांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, ते जंतू तिथे शिरले तर? चौथ्या औषधाचा गुण येण्याची वाट बघताना लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं.

तिने सिस्टरना सगळं सांगितलं. सिस्टरनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"कुठली कड?"

"तो चघळतो ती."

पडद्याचा नमुना घेतला, मुलाचाही घेतला. रिपोर्ट यायला तीन दिवस. डॉक्टर येऊन ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून सांगून गेले.

"सगळं जग पुसत होतीस," त्याची आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "एक पडदा तेवढा दिसला नाही तुला. चार महिने, बाई. चार महिने मी त्याला साधं सर्दीचं वारं लागू दिलं नाही."

तिने मान खाली घातली.

पडदा काढून नेला. आता दोघी एकमेकींना दिवसभर दिसत होत्या, आणि एक शब्द नव्हता. लाटसाहेब रिकाम्या हवेत हात घालून काहीतरी ओढू बघत आणि रडत.

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या. पडद्यावर तेच जंतू निघाले होते. मुलाच्या नमुन्यात सापडले नव्हते. ऑपरेशनआधी पुन्हा एकदा तपासणार होते. नवी तारीख पुढच्या मंगळवारची.

त्याची आई बराच वेळ चादरीची घडी घालत आणि मोडत बसली. पोरगं कठडा धरून उभं होतं, कुरकुरत.

"ऐकतेस का?" ती शेवटी म्हणाली. "याला भो करून दाखव जरा. माझं केलेलं चालत नाही त्याला. लांबूनच हं."

स्पिरिटवाली बेसिनपाशी गेली. हात धुतले, कोरडे केले, नळ कोपराने बंद केला. मग तिथूनच तिने दोन्ही तळव्यांमागे तोंड लपवलं.