बायडाचे पाय

गहिनीनाथ बाजारात वांगी घ्यायला गेला तरी एकेक वांगं उलटून, देठाशी कीड नाही ना हे पाहूनच पिशवीत टाकी. विकणारी बाई वैतागली तरी त्याला त्याचं काही नसे. "माणूस म्हंजी फसवायला टपल्यालंच असतंय," असं तो म्हणे, आणि त्या माणसांत स्वतःला मात्र कधी धरत नसे.

कर्जतपासून तीन कोसांवर त्याचं गाव. घरात बायको छबूबाई आणि धाकटी मुलगी बायडा. थोरली हौसा पौषात सासरी बाळंतपणात गेली. बाळ तेवढं वाचलं, आणि ते तिच्या सासरीच होतं.

फाल्गुनातली गोष्ट. खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती आणि बायडा भाकरीचं गाठोडं घेऊन आली होती. तेराव्या वर्षातली पोर. सावकाश चालणं तिला माहीतच नव्हतं, कुठंही पळतच जायची. तिच्या पाठोपाठ हौसाचा सासरा आप्पासाहेब खळ्यावर आला. घोंगडीवर बसला, पाणी प्यायला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आला.

"गहिनीनाथा, लेकराला आई पायजे. परकी बाई आनली तर ती दुसरीचं पोर कशाला सांबाळंल? सख्खी मावशीच बरी. बहिनीच्या जागी बहीन, ही आपल्यातली रीतच हाय."

"बायडा लई ल्हान हाय, आप्पासाहेब. आन् आमचं जावई गोरक्षराव चौतिशीचं."

"हौसा तरी केवडी हुती, आली तवा? आन् हे बग, न्हाई म्हनलास तर आमाला दुसरी सोयरीक बगावी लागंल. मग लेकराचं आजोळ ते हुईल. तुमचा पाय तुटला आमच्या घरातनं."

गहिनीनाथाला नातवाचं तोंड आठवलं. बारशाला एकदाच पाहिलं होतं. डोळे हुबेहूब हौसाचे. त्याने संध्याकाळच्या आत सुपारी फोडली. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला बायडाच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि कळशी खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायडा उठलीच नाही. कमरेखाली पाय होते, पण ते तिचे नसल्यासारखे पडून होते.

गहिनीनाथाचा पहिला संशय पोरीवरच. सोंग करते म्हणाला. तिची नजर चुकवून त्याने बाभळीचा काटा तिच्या तळपायात टोचला. रक्ताचा थेंब आला, पण पोर हलली नाही, कण्हली नाही, तिला कळलंसुद्धा नाही. तेव्हा तो घाबरला, आणि त्याचा संशय मेलेल्या मुलीवर गेला. गावच्या देवऋष्यानेही तेच सांगितलं, "थोरलीनं धरलंय. तिला नवऱ्याजवळ बहीन नको हाय."

मग जे झालं ते आपल्याकडे खेडोपाडी रोज होतं, आणि आपण ते पाहून पुढे जातो. मिरच्यांची धुरी झाली. केरसुणीने पाठ फोडून काढली. पोर खोकून खोकून निळी पडली, पण हौसा काही बोलेना. कारण बोलायला ती तिथे नव्हतीच. दुसऱ्या खेपेला देवऋष्याने केरसुणी उचलली तशी छबूबाईने ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"माजी एक गेली," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरी तुमी हितंच मारा. म्हंजी तिकडं धाडायचा तरास वाचंल."

कर्जतला शांतवन डॉक्टर आहेत, हे तिने बाजारात ऐकलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते. अंगावर जखम नाही आणि हात लुळा, गोळी लागली नाही आणि वाचा गेलेली, असले शिपाई तिथे त्यांच्याकडे यायचे. त्यांना ते नुसत्या बोलण्याने बरं करीत. गहिनीनाथ हे ऐकूनच भडकला. "किरिस्ताव हाय तो. बाटवंल पोरीला. न्हाईतर मोहिनी घालून पळवून न्हेईल." पण छबूबाई गाडी जुंपूनच उभी राहिली. तेव्हा त्याने बायडाच्या कमरेला बिबवा बांधला, स्वतःच्या बंडीच्या खिशात मंतरलेलं लिंबू टाकलं, आणि चोर पकडायला निघाल्यासारखा निघाला.

शांतवन डॉक्टरांनी पोरीच्या पायांवर बारीक हातोडी मारून पाहिली, टाचणी टोचून पाहिली. मग म्हणाले, "पाय चांगले आहेत. भीतीने अडलेत. मी संमोहन करून पाहतो. तुम्ही मात्र इथंच बसायचं, गहिनीनाथराव. हिच्याजवळून हलायचं नाही."

याने गहिनीनाथाचा संशय दुप्पट झाला. लबाड माणूस साक्षीदार कशाला ठेवील? म्हणजे हा फारच पोचलेला असणार! तो इतका वाकून पाहू लागला की बंडीतलं लिंबू गडगडत डॉक्टरांच्या पायाशी गेलं. डॉक्टरांनी ते उचलून त्याच्या हातात दिलं. "उन्हातून आलात. जाताना सरबत करून प्या," ते म्हणाले. त्यांची बायको कृपा तिथेच नर्सचं काम करी. ती हसू दाबत दाराशी जाऊन बसली.

ना लिंबू कापलं, ना राख फुंकली, ना डोळ्यांत डोळे घातले. डॉक्टर फक्त म्हणाले, "बायडा, त्या खुंटीकडं बघ. श्वास सावकाश सोड. पापण्या जड होतात, होऊ दे. पाय तुझेच आहेत. ते भ्यालेत. त्यांना कसली घाई नाही." एवढंच, पण पुन्हा पुन्हा, खालच्या आवाजात. पोरीचे डोळे मिटले. खांदे सैल पडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

"ही उटली न्हाई तर?" गहिनीनाथ कुजबुजला.

"ही झोप नव्हे. तिला आपलं बोलणं ऐकू येतंय. मी आत्ता उठून गेलो तर थोड्या वेळाने आपली आपणच डोळे उघडेल."

"आन् पोटातलं वदवून घेशीला तुमी?"

"जे तिला सांगायचं नाही ते ती सांगणार नाही."

"तुमी म्हनाल ते करंल का न्हाई पन?"

"तिच्या मनाविरुद्ध काहीच करवता येत नाही. मी नुसती वाट दाखवतो. चालायची ती तिलाच चालायची."

गहिनीनाथाने मान डोलावली आणि यातला एक शब्दही खरा मानला नाही. परत येताना छबूबाईला म्हणाला, "आपलं खरं हत्यार कोन दुसऱ्याला दावतंय का?"

आठवड्याला दोनदा गाडी कर्जतला जाऊ लागली. तिसऱ्या खेपेला बायडाने अंगठा हलवला. पाचव्या खेपेला संमोहनात असताना तिने गुडघा उचलला. गहिनीनाथ प्रत्येक वेळी दोन हातांच्या अंतरावर बसून डॉक्टरांच्या ओठांवर नजर रोवून असे. चोरी सापडली नाही, पण शब्द न् शब्द तोंडपाठ झाला.

त्याच खेपेला डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. "पाय अडले त्याच्या आधी घरात काय झालं होतं?"

"काय बी न्हाई," गहिनीनाथ म्हणाला, आणि जमिनीकडे पाहू लागला. त्याला सगळं आठवत होतं. मार्गशीर्षात हौसा भरल्या दिवसांची, सुजल्या पायांनी चालत माहेरी आली होती. "आबा, मला माघारी धाडू नगा. तितं मारत्यात मला. उपाशी मोटंवर उबी करत्यात." त्याने तिचं ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः गाडी हाकत तिला नेऊन पोचवलं होतं. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बायडा बसली होती.

"जरा लवकर उरका, डाक्टरसायेब," तो म्हणाला. "अक्षय तृतीयेला लगीन हाय तिचं. तिच्या दाजीसंगं."

डॉक्टर म्हणाले, "सारडा कायद्याने बालविवाह हा गुन्हा आहे, ठाऊक आहे का तुम्हांला?"

"कायदा कर्जतला असंल. आमच्या गावात न्हाई."

"मग ऐका. पाय हलवणं मला जमेल. पण ती भीती तुम्ही घातलेली आहे, ती तुम्हीच काढायची. बोहल्यावर उभी करण्यासाठी मी या पोरीला चालवणार नाही."

गहिनीनाथाला हवं ते मिळालं. बगा, म्हणजे चालवता येतं! याच्या मनात नाही म्हणून चालवत नाही! त्याने त्या दिवशी गाडी फिरवली ती लग्नाच्या दिवसापर्यंत कर्जतला नेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माजघरात बायडाच्या अंथरुणाशी बसला. "बायडा, त्या खुंटीकडं बग," तो म्हणाला. "श्वास सावकाश सोड." आवाज डॉक्टरांसारखा खाली आणला. जन्मात तो लेकीशी असा बोलला नव्हता. हाक म्हणजे हुकूम हेच तिला ठाऊक. पोर आधी चकित झाली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायच्या आतच पापण्या मिटल्या. चार दिवसांत ती भिंत धरून उभी राहिली. छबूबाई आनंदाने रडली. गहिनीनाथाची छाती फुगली. विद्या हाताला लागली होती. आता ही पोर सांगू तिथं जाईल, सांगू ते करील, आणि लग्नानंतर नातू मांडीवर येईल.

अक्षय तृतीयेला सकाळी दारात मांडव पडला. वऱ्हाड आलं. गोरक्ष बाशिंग बांधून बाहेर बसला. मिशीवर हात फिरवत, सुटलेलं पोट उपरण्याखाली झाकत. एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर हौसाचं बाळ होतं. गहिनीनाथाने ते डोळे भरून पाहिलं आणि माजघराचं दार लावून घेतलं. आत छबूबाई लेकीची वेणी घालून खांबाला टेकून उभी होती.

"बायडा, श्वास सावकाश सोड. पाय तुजंच हायेत. हलकं झाल्यात. ऊट, बाळ."

बायडा उठली. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा शांत. भिंतीचा आधार न घेता एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. गहिनीनाथाच्या अंगावर काटा आला. तो मागे मागे सरत दारापर्यंत गेला आणि ती त्याच्या आवाजामागे आली.

"शाब्बास. आता असंच मांडवात जायाचं. दाजीच्या समूर ऱ्हायचं. हार घालायचा."

पाऊल उचललेलं होतं, ते तिथेच टेकलं. बायडाने डोळे उघडले. कुणी जागं केलं नव्हतं, चुटकी वाजवली नव्हती. ती बापाकडे सरळ बघत होती.

"न्हाई," ती म्हणाली.

गहिनीनाथ घाबरून पुन्हा पुटपुटू लागला, "पापन्या जड हुत्यात... पाय हलकं..."

"आबा, मला समदं ऐकू येतंय. रोजच येत हुतं. तुमी ग्वाड बोलत हुता म्हून मी चालत हुते." तिचे शब्द स्पष्ट होते. "अक्का बी तुमचं ऐकूनच गाडीत बसली. मी न्हाई जानार."

एवढं बोलून तिचे पाय गेले आणि ती उंबऱ्याशी बसली. छबूबाईने तिला पोटाशी धरलं. गहिनीनाथ दाराला टेकून उभा होता. आयुष्यभर तो दुसऱ्यांचे डाव शोधत आला होता, आणि आज मंत्र पुटपुटत पोरीला भुलवणारा माणूस त्याला सापडला होता. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी खरं तेच सांगितलं होतं. त्याला लाज वाटली, इतकी की बाहेर जाऊ नये असं वाटलं. पण तो बाहेर गेला.

"आप्पासाहेब, वऱ्हाड माघारी न्या. पोर न्हाई म्हनतीया."

मांडवात एकदम गलका झाला. आप्पासाहेब उठून उभा राहिला. "पोर म्हनतीया? पोरीला काय इचारायचं असतं? त्या किरिस्तावानं मोहिनी घातली तिला!"

"मोहिनी मी घालत हुतो," गहिनीनाथ म्हणाला. "ती लागली न्हाई."

"मग नातवाचं त्वांड इसरा!"

गहिनीनाथाने त्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीकडे पाहिलं. बाळ मुठी चोखत होतं. त्याने फक्त मान खाली घातली, आणि वऱ्हाड जाईपर्यंत ती वर केली नाही. बाळ त्यांच्याबरोबर गेलं. छबूबाई त्या दिवशी जेवली नाही, आणि नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही.

दोन दिवसांनी गाडी पुन्हा कर्जतला गेली. कुणाला वाटेल की लग्न मोडलं आणि पोर उड्या मारू लागली. तसं झालं नाही. ज्येष्ठ सरेपर्यंत खेपा घालाव्या लागल्या. पण ती चालू लागली, आणि आषाढात पाणी घेऊन घरी पळत आली तेव्हा अर्धी कळशी वाटेतच सांडली होती.

त्याच सुमारास बातमी कळली. गोरक्षाची सोयरीक भीमेकाठच्या एका गावात ठरली होती. मुलगी बारा वर्षांची.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ चालत त्या गावी गेला. मुलीच्या बापाला त्याने हौसाचं सगळं सांगितलं. स्वतः तिला गाडीत घालून पोचवलं, तेही सांगितलं. तो माणूस डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"तुमची लंगडी पोर त्यांनी टाकली," तो शेवटी म्हणाला, "म्हून आमचं मोडाया आलाय व्हय?"

गहिनीनाथाला राग आला नाही. हा संशय त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तेवढ्यात आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठणठणीत होती, ताठ चालत होती. तिचे पाय अडले नव्हते, म्हणून तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"बाई, तुज्या मनात काय हाय?" गहिनीनाथाने विचारलं.

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "जा आत." मुलगी तांब्या धरून तशीच उभी राहिली. तिला उत्तर द्यायची सवय नव्हती. गहिनीनाथ घोंगडीवरून उठला नाही. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि ती बोलेपर्यंत वाट पाहत बसून राहिला.