वानेऱ्याची घागरमाळ

मित्रांनो, मी एक जुनी घागरमाळ आहे. दिवाणखान्यात टांगायच्या शोभेच्या घंटांशी माझी बरोबरी करू नका. देवणीच्या बाजारात माझा चामडी पट्टा शिवला, त्यात पितळी घुंगरं ओवली, आणि मी धोंडाबाईंच्या दावणीला आले. हलक्या गळ्यात मी कधी पडले नाही. पोळ्याला वानेऱ्या बैल मला घालून निघाला, की न बघताच माणसं म्हणत, धोंडाबाईचा आला.

एका सकाळी वानेऱ्या गोठ्यात मरून पडला. नाकातून काळं रक्त, गळ्यातल्या माझ्यावरही ओघळलेलं. आमच्याकडे रीत अशी, की बैल जातो, माळ दावणीची राहते. धोंडाबाईंनी मला पदरानं पुसलं आणि धाकट्या गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधलं. तो मला चाटत राहिला. वानेऱ्याचा वास येत असेल. त्याच आठवड्यात तोही गेला.

प्रयोगशाळेत नोकरी करणारी नात मंजुश्री धावत आली. हातमोजे घालून तिनं मला पेटीत बंद केलं. म्हणाली, ही फाशी आहे.

धोंडाबाईंना फाशी म्हणजे दोरच ठाऊक. "फाशी हाय, तर दोर आवळनारा बी आसंल. नाव सांग त्याचं."

"कुनी न्हाई, आज्जी. रोगाचं नाव हाय ते. आपल्याच मातीतला. वानेऱ्याच्या रक्तातनं माळंत आला, माळंतनं गोऱ्ह्यात."

 धोंडाबाई गोऱ्ह्याला माळ बांधलेल्या आपल्याच हातांकडे बघत राहिल्या.

आता मी प्रयोगशाळेत आहे. याच रोगाची, इंग्रजीतल्या अँथ्रॅक्सची, पूड करून माणसं मारायला निघणारेही जगात असतात म्हणे. रोगाचं हत्यार करायचं नाही, असा देशोदेशींचा करार आहे. पण चोर काय सांगून येतो? म्हणून ठिकठिकाणच्या मातीतल्या रोगजंतूंच्या ओळखखुणा प्रयोगशाळा एकमेकींना कळवतात. उद्या कुठं साथ आली, तर ती मातीतून उठली की कुणी सोडली, हे ताडून बघता येतं. आमच्या मातीतल्या रोगाची खूण माझ्यावर आहे, म्हणून त्या साक्षीला मी बसले आहे.

पोळ्याला धोंडाबाईंचा फोन येतो. "मंजे, माळ एकदा वाजीव की. लांबनंच ऐकते."

पेटी उघडता येत नाही. दुसरी घंटा वाजवून म्हातारीला फसवणं मंजुश्रीला जमत नाही. 

मित्रांनो, नुसती मातीतून आलेली फाशी एवढी दावण ओस करून गेली. ती जाणूनबुजून कुणाच्या दारात सोडणाऱ्याला देशोदेशीच्या तुम्ही सगळ्यांनी मिळून अडवा. करारात दिलेला शब्द पाळा, दुसऱ्यालाही पाळायला लावा. मला आता कुणाचा गळा मिळायचा नाही. तुमच्या दावणी तरी वाजत्या राहू द्या.