शिवेवर भेटू

मित्रांनो, मी मरीआईचा जुना गाडा. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात, देवळामागच्या पडवीत पडून असतो. सावळीराम सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. चार चाकं, एक दोर आणि लहान मूल निजेल एवढी फळी, एवढाच माझा संसार. गावात रोगराई आली, की माझ्यावर देवीची मूर्ती, हिरवा खण आणि दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत मला पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचं. त्या गावाने मला अडवायचं नाही. आपल्या पलीकडच्या शिवेवर नेऊन सोडायचं. असा रोग गावोगाव पुढे ढकलला जाई. तो शेवटी कुठे पोचतो, हे कुणी विचारत नसे. माझा मात्र मोठा मान होता.

१९९४ साली सुरतेला प्लेग आला. सुरतेच्या रस्त्याने येणारी प्रत्येक जीप मरणच घेऊन येते, असं गावाने ठरवून टाकलं. कुणी नुसतं शिंकलं, तरी पारावर त्याची तिरडी बांधून व्हायची. मग गावातल्या वडीलधाऱ्या धोंडीरामने गाडा काढायला सांगितला. गाडा शिवेवर गेला, की सुरतेहून आलेल्या कुणाला आत घ्यायचं नाही, असंही ठरलं. सगळ्यांत आधी मान डोलावली ती सुलाबाईने. तिचा मुलगा भारत, सून साधना आणि पाच वर्षांची नात भाग्यश्री सुरतेलाच होती. पण ती तिथेच थांबतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती. माझ्यावर खण तिनेच अंथरला.

मला शिवेवर सोडून माणसं मागे वळताहेत, तोच भारत आणि साधना चालत येताना दिसली. पोरीला ताप आहे हे कळताच जीपवाल्याने त्यांना वाटेतच उतरवलं होतं. भाग्यश्री बापाच्या खांद्यावर फणफणली होती.

धोंडीराम आडवा आला. "भारत, तू आपलाच हायेस. पन आज आत येऊ नको."

पलीकडे शेजारच्या गावची माणसं काठ्या घेऊन उभी होती. तीही वाट सोडेनात. सरकारी दवाखाना तर त्यांच्याच गावाच्या पुढे होता. मधे मी आणि ती तिघं. साधना सासूकडे बघत राहिली. सुलाबाईने नजर खाली वळवली. मला इतका राग आला. पण कुणी ओढल्याशिवाय मला हलता येत नाही.

पोर कण्हली, तेव्हा सुलाबाई गर्दीतून बाहेर आली. तिने देवीला हात जोडले, मूर्ती बाजूला सरकवली आणि नातीला त्याच खणावर निजवलं. मग दोर धरून ती थेट काठ्यांच्या दिशेने निघाली.

"गाडा हाय," ती म्हणाली. "अडवायचा नसतो."

काठ्या हळूहळू खाली आल्या. रीत मोडावी तर देवीची भीती, पाळावी तर प्लेगची. अखेर तोंडाला उपरणं गुंडाळून त्यांच्यातल्या दोघांनी दोर घेतला आणि पीडा लवकर टळावी म्हणून मला असं पळवलं, की माझी चाकं खिळखिळी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिवताप निघाला. पोर वाचली.

मग गोष्टी सुरू झाल्या. आमचं गाव म्हणे, देवीनेच पोरीला मांडीवर घेतलं. शेजारचं गाव म्हणे, आमच्या माणसांनी तिला वाचवलं. मला परत आणून दोन्ही गावांनी हार घातले. काठ्यांचं नाव कुणी काढलं नाही. साधना मात्र दवाखान्यातूनच पोरीला घेऊन देवळ्याला माहेरी गेली.

आता मला कुणी बाहेर काढत नाही. फळीला वाळवी लागली आहे. दिवाळीला भारत एकटाच येतो. एकदा सुलाबाईने त्याला भीत भीत विचारलं, साधना काय म्हणते?

"ती म्हनते, शिवेवर भेटू."

तेव्हापासून म्हातारी दर दिवाळीला करंज्यांचा डबा घेऊन शिवेवर जाते. मायलेकी येतात, डबा घेतात आणि तिथूनच परततात.

मित्रांनो, माझी डागडुजी नाही केलीत तरी चालेल. पण साथीच्या दिवसांत आजारी माणसाला शिवेवर उभं करू नका, दवाखान्यात न्या. भीती चार दिवसांत ओसरते. भाग्यश्री आता आजीपेक्षा उंच झाली आहे, आणि त्या दिवसापासून आजीच्या घरात तिने पाऊल ठेवलेलं नाही.