चारची झाडलोट

पडद्याच्या कोपऱ्यातला तो पिवळा आकडा, अठ्ठ्याण्णव, लुकलुकतही नव्हता, आणि रोडोराला त्याच्या त्या स्थिरपणाचीच धास्ती वाटत होती. संगणकांच्या माहितीसाठ्यात शंभरातल्या दोनच जागा उरलेल्या, गिऱ्हाइकांना कबूल मात्र कितीतरी पट केलेल्या. सगळे एकदम मागायला येत नाहीत या भरवशावर तर हे सगळं चालतं... आज येत होते. शंभर झाले की याच साठ्यावर चालणाऱ्या, इलोइलो शहरातल्या एका प्रसूतिगृहाची सगळी यंत्रं जागच्या जागी थिजणार.

सकाळी आल्या आल्या तिने साठ्यातल्या जुन्या फायली पुसल्या होत्या, स्वतःच्याही. आकडा हलला नाही. हलणार कसा — पुसलं की नुसतं नाव जातं. तुकडे तिथेच पडून राहतात, चार वाजता झाडलोट होऊन साठ्यात परत जाईपर्यंत; तोवर ते शोधून पुन्हा जोडताही येतात. आणि दोन वाजता, भाताचा घास तोंडाशी असताना, आठवलं. पुसलेल्यात तातायचा, वडिलांचा, आवाजी निरोप होता. इस्पितळातून पाठवलेला, एक्केचाळीस सेकंदांचा, न ऐकलेला. फोनमधून काढून तिनेच इथे ठेवला होता, चुकून हाताला लागू नये म्हणून.

"झाडलोट आजच्यापुरती थांबवता येईल, मानोंग सेल्सो?" थोरल्या भावासारख्या म्हाताऱ्या सहकाऱ्याला तिने विचारलं.

"येईल की. मग बाळंतिणींना तूच सांग, कळा जरा आवरून धरा म्हणून." म्हातारा हसला, मग ओशाळला. "घरी जा, इंदाय, पोरी. बाप अजून घरात आहे तुझा."

घरात — बैठकीच्या खोलीत, शवपेटीत, उद्या पुरेपर्यंत. नानायने, आईने, झाडू पलंगाखाली दडवलाय. मयत घरात असताना केर काढला तर मागोमाग आणखी कुणीतरी जातं, म्हणून जागरणाच्या पाच दिवसांची शेंगांची टरफलं, मेणाचे थेंब, लोकांच्या चपलांची माती, सगळं तसंच. आणि मी इथे...

तीन अठ्ठावन्न. थांबवायचं बटण बोटाखाली होतं. काय असेल त्यात? 'कामात आहेस का, इंदाय?' एवढंच? की नुसता श्वास? निरोप आला त्या दुपारी आधी त्याचा फोन तिने कापला होता. कामातच होती, आकडा तेव्हा नव्वदवर होता... आणि एकाएकी तिला कळलं, दोनपासूनची धास्ती निरोप जाईल म्हणून नव्हती. तो सापडेल म्हणून होती.

तिने बटणावरचं बोट काढून घेतलं आणि तातायचा आवाज आठवून पाहिला. आला नाही. आला तो फोन कापल्याचा बारीकसा टप्प — आणि त्याच्यामागची, अजून कुणीच न झाडलेली शांतता.