तांबड्या पाण्याचा निर्वाळा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका सकाळी, शनिवार पेठेतील मंगल कार्यालयात दीडशे माणसे मुखपट्ट्या हनुवटीवर उतरवून रांगेत उभी होती. व्यासपीठावर श्वासानंदमहाराज दोन मिनिटांत निर्वाळा देत होते. काचेच्या पेल्यात तांबडे पाणी. त्यात नळीने फुंकायचे. पाणी पिवळे झाले, की देह शुद्ध! आश्चर्य असे, की प्रत्येकाचेच पाणी पिवळे होत होते. कोणी शेजाऱ्याला मिठी मारी, कोणी खोकत खोकत जयजयकार करी.

"फुंका!" महाराज गर्जत. "प्रयोगशाळेत विषाणूला शोधावे लागते, म्हणून दोन दिवस. इथे तो स्वतः हजेरी देतो!"

रांगेत निवृत्त हेडक्लार्क दिगंबरपंत होते. खोकला चार दिवसांचा, नात बारा दिवसांची, आणि तिचे बारसे त्याच दुपारी कात्रजला, लेकीच्या घरी. नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतले नव्हते. पाणी पिवळे होताच ते जवळजवळ नाचलेच.

"थांबा, काका!" त्यांच्याच इमारतीतली, विषाणू-प्रयोगशाळेत काम करणारी पूर्वा पुढे आली. "बाळाला घेण्याआधी आमच्याकडे तपासून घ्या."

"अगं, तुमचा अहवाल येईतो नात शाळेत जाईल!"

रांग खिदळली. पूर्वाने शेजारच्या दुकानातून सोड्याची बाटली आणून तांबड्या पाण्याच्या नव्या पेल्यात ओतली. पाणी तत्क्षणी पिवळे!

"अभिनंदन. सोड्याला कोरोना नाही."

"सोडा सात्त्विक असतो," महाराज पुटपुटले.

"हेमाकाकू, हळदीत चुना घातला तर?" पूर्वाने रांगेतल्या पंतांच्या पत्नीला विचारले.

"कुंकू होतं, दुसरं काय?" काकू म्हणाल्या, आणि थबकल्या. "अगंबाई!"

"हे तेच पाणी. श्वासातल्या वायूनं चुना निष्प्रभ होतो, हळद पुन्हा पिवळी. सोड्यात तोच वायू. इथे नापास व्हायला माणूस मेलेलाच हवा!"

हशाच्या गदारोळात महाराज मागच्या दाराने पसार झाले. दीडशे मुखपट्ट्या नाकावर चढल्या.

"आमचा निकाल आता दोन तासांत," पूर्वा पंतांना म्हणाली. "विषाणूचं जनुकद्रव्य वेगळं काढण्यातच फार वेळ जाई. आता नमुना पाच मिनिटं तापवायचा. कवच फुटतं, मग थेट यंत्रात."

"म्हणजे हाही चमत्कारच की!"

"छे! तीनशे नमुने दोन्ही पद्धतींनी ताडून पाहिले. नव्या पद्धतीत शंभर बाधितांमागे चार निसटतात. म्हणून लक्षणं असूनही विषाणू सापडला नाही, तर जुन्या पद्धतीनं पुन्हा तपासतो."

दीड वाजता निकाल आला: पंत बाधित. हेमाकाकूंना लागण नव्हती, तरी त्याही घरीच राहिल्या. चार वाजता पंतांनी बंद खोलीतून, फोनवर, खोकत आणि बेसूर पाळणा म्हटला. नातीने सविस्तर जांभई दिली. तिकडे घर हसून लोटपोट झाले.

वेग अवश्य हवा. पण तो देऊ करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: कोणती पायरी गाळलीत, आणि तुमचे किती वेळा चुकते? ज्याचे कधीच चुकत नाही, त्याच्यापासून आपली बाळे दूर ठेवावीत.