एकवीस मोबाईल, एक पिशवी

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. जन्मापासून दिसत नाही म्हणून लोक मला "अगं बाई, बिचारी" म्हणायला येतात आणि दोन मिनिटांत काढता पाय घेतात. आमच्या अण्णांना माझ्या तोंडाची फार धास्ती. "तेजश्री, जरा सबुरीनं," हे ते दिवसातून दहादा म्हणतात. पण परवा बुधवारी सकाळी मोटरघरावर गेले तेव्हा माझा फोन जे बोलला ते ऐकून सबुरी गेली चुलीत.

"रामभाऊ. शनिवार, रात्री दहा ते दोन."

रामभाऊ म्हणजे आमचे अण्णा. वय एकाहत्तर, त्यात रातांधळेपणा. गेल्या वर्षी अंधारात पाण्याच्या चारीत पडले, खुबा मोडता मोडता वाचला. आमच्या गावात नीरेवरून उपसा योजनेचं पाणी येतं. बावीस सभासद, एक मोटर, एक पाइपलाइन, आणि आमचं रान पार टोकाला. आमची पाळी गुरुवारची, दिवसा दहा ते दोन. बापलेक मिळून डाळिंबाला पाणी देतो. ते बघतात, मी खोरं मारते. मला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. पण रात्री आम्हा दोघांत मिळून एकही डोळा नसतो.

आणि ही पाळी बदललीच कशी? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त झोंबला, कारण पाळ्यांचं ॲप मी बनवलं होतं. मी आणि सिद्धूनं. सिद्धू आमच्या गावचाच, बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, पण डोकं कोडिंगमध्ये.

त्याआधी पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला ॲप दिलं होतं, फुकट. नुसती चित्रं आणि रंग. माझा फोन ते वाचायला गेला की म्हणायचा, "बटन. बटन. बटन." कसलं बटन, ते त्यालाही ठाऊक नाही नि मलाही नाही. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडची मॅडम म्हणाली, घरातल्या कुणाकडून तरी दाबून घ्या. घ्या म्हणे! दोन वर्षांनी कंपनीनं एका दुपारी तिकडचा सर्व्हर बंद केला आणि आमच्या पाळ्यांची सगळी नोंद गेली. आठ दिवस मोटरघरावर मारामारीची वेळ आली होती.

तेव्हाच ठरवलं. आपल्या पाण्याची यादी दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही. प्रत्येक सभासदाच्या मोबाईलमध्ये पूर्ण यादी. रेंज नको, कंपनी नको, मालक नको. दोन मोबाईल मोटरघरावर जवळ आले की काय बदललं ते एकमेकांना सांगणार. सगळं मोठ्यानं बोलणार, म्हणजे मलाही कळेल आणि अक्षरओळख नसलेल्या बानूमावशीलाही. आणि नियम असा, की कुणाची पाळी हलवायची तर पंधरा जणांची संमती लागेल, आणि ज्याची पाळी त्याची स्वतःची तर लागेलच लागेल. त्यानं ती मागे घेतली की बदल रद्द. या एका नियमासाठी मी चार महिने जीव काढला होता.

मी नोंद लावली. बावीस संमत्या. रविवारी सकाळी नऊ दहा ते नऊ एकवीस. सतरावं नाव, रामभाऊ.

सिद्धूला फोन लावला. "कुणी फोडलं का रे आपलं ॲप?"

"फुटलं न्हाय. सकाळी मोटरघरावरनं जाताना माझ्याबी मोबाईलवर आलं, बघितलं मी. ज्याच्या त्याच्या मोबाईलवरनंच दाबलंय."

"अकरा मिनिटांत बावीस जण? आपल्या गावाला चहा मागवायचं ठरवायला तास लागतो!"

अण्णा गोठ्यात होते. तिथंच गाठलं. ते सहज म्हणाले, "व्हय, रविवारी दादासोनं मागितले हुते की सगळ्यांचे मोबाईल. अपडेट करायचं म्हणाला. त्याचा सोडून बाकी एकवीस जणांनी पिशवीत टाकले."

"आणि लॉक?"

"ज्याला हाय त्यानं नंबर सांगितला. मीबी सांगितला. चौदा-चार."

बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख! ती सांगून बसले हे, दादासोला, योजनेच्या सचिवाला! मी कपाळावर हात मारून घेतला.

मी रेंज जाईल याचा विचार केला होता. मोबाईल पाण्यात पडेल याचा केला होता. कुणाला दिसणार नाही, कुणाला वाचता येणार नाही, सगळ्याचा केला होता. पण आमच्याकडं मोबाईलवर काही आलं की माणूस तो शेजारच्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "बघ जरा काय म्हणतंय." हे मी लहानपणापासून ऐकतेय. याच गावात वाढले ना मी? बावीस जणांच्या बावीस हातांत ठेवलेली यादी त्यांनी आपण होऊन एका हातात सोपवली, आणि मला शहाणीला हे सुचलं नव्हतं. त्या वेळी मला सगळ्यांत जास्त राग माझाच आला.

त्याच दिवशी चार वाजता मी सगळ्यांना मोटरघरावर बोलावलं. अण्णांचं कोपर धरून गेले. दादासो वयानं मोठा, म्हणून तात्या म्हणते. नाहीतर दुसरं बरंच काही म्हणता येतं.

"तात्या, आमची पाळी रात्रीची का केली?"

"मी कुठं केली? सगळ्यांनी मिळून केली. तुझ्याच ॲपमधी हाय की. बावीस संमत्या. तुझ्या बापाचीबी हाय." मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि गुरुवारचा दिवस कुणाला गेला?"

"रोपवाटिका टाकलीया मी. रोपांना दिवसाच पाणी लागतं."

"रोपांना दिवस लागतो, आणि माझ्या बापाला लागत नाही?"

मी फोन उंच धरला आणि नोंद मोठ्यानं लावली. एकेक नाव, एकेक वेळ. "सोनबाआबा, नऊ अकराला कुठं होता तुम्ही?"

"शेरडं घिऊन गेल्तो म्या, माळाला."

"बानूमावशी, तुम्ही?"

"दळण आणाया."

"आमची पाळी रात्री टाकायला हो म्हणालात तुम्ही?"

"न्हाय गं बाय! मला कुणी इचारलंच न्हाय."

"ए बानूबाई, गप बस," दादासो खेकसला. "मोबाईल काय मी हिसकून घेतला व्हय? तुमी तुमच्या हातानं दिले. नंबरबी सांगितले."

ते खरं होतं. आणि म्हणूनच माझं डोकं असं फिरलं, की चारचौघांत मी अण्णांवरच घसरले.

"अण्णा, तुम्ही तरी! शंभरदा सांगितलं होतं, फोन कुणाला द्यायचा नाही म्हणून. का दिलात?"

अण्णा बोलले ते हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तीस वर्षं झाली मला या योजनेत. मीटिंग झाली की निरोप यायचा, रामभाऊला सांगून ठेवा. बोलवायला कुणी आलं न्हाय. रविवारी दादासो सोताहून दारात आला. म्हणाला, रामभाऊ, सगळ्यांचे घेतले, तुमचा नसल्यावर कसं चालंल? सगळ्यांच्या बरोबर एका पिशवीत, तेजश्री." ते थांबले. "बरं वाटलं मला."

दादासोला नेमकं ठाऊक होतं, या माणसाच्या दारात जाऊन काय म्हणायचं ते. त्याच्या अंगावर धावून जावं असं वाटलं मला. पण तो कुठं उभा होता ते नक्की कळेना, कारण आता तोही गप्प होता.

"कुठं दाबायचं?" अण्णांनी विचारलं.

माझा हात पुढं गेला. दोन सेकंदांचं काम. तसाच मागं घेतला. मी दाबलं असतं तर माझ्यात नि त्या दादासोत फरक काय राहिला?

"खालून दुसरं बटन. तुमचं तुम्हीच दाबा."

दोनदा चुकले. एकदा तर मोटरीचं मीटर उघडलं. कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा फोन बोलला, "रामभाऊ यांनी संमती मागे घेतली. रामभाऊ, गुरुवार, दिवसा दहा ते दोन." मग तेच सोनबाआबांच्या खिशातून ऐकू आलं, मग बानूमावशीच्या पदराआडून, मग सगळीकडून. दादासोची फटफटी चालू झाली आणि निघून गेली.

परत येताना अण्णांचं कोपर धरून मी चारी ओलांडली. शेवटी मीच चिडून म्हटलं, "अहो, जिंकलो आपण! उद्या दिवसाचं पाणी आहे. बोला की काहीतरी."

"जिंकलो की," अण्णा म्हणाले. थोडं चालले. "पर आता पुढच्या टायमाला कुणी दारात यायचं न्हाय."